वाळत घातलेला पूल

छायाचित्र पहिले. खाली नदी. अलीकडच्या काठावरून निघालेला पुलाचा एक तुकडा, पलीकडच्या काठावरून निघालेला दुसरा, आणि दोघांच्या मध्ये आभाळ. डाव्या कोपऱ्यात एक अनवाणी पाऊल. संगणकाचा शेरा: काम बासष्ट टक्के.

ते पाऊल मापकाकांचं. ते तिथे कसं आलं आणि अनवाणी का आलं, हे आधी सांगायला हवं. चप्पल घालून आलं असतं तर पुढचा गोंधळ झालाच नसता.

मापकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. उभी नोकरी त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात घालवली. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं, पोकळ वजनं, दुधाच्या मापात आतून ठोकलेले खोटे तळ. हे पकडता पकडता त्यांची नजरच तशी झाली होती. कुणी "पाच मिनिटांत आलोच" म्हणालं तरी ते घड्याळाकडे संशयानं बघत. इमारतीनं त्यांना मापकाका हे नाव दिलं आणि त्याच ओघात त्यांच्या पत्नीला मापकाकू. "मी कुणाचं काय मोजलंय?" असं त्या प्रत्येकाला विचारत, पण लोकांना सवय लागली ती लागली.

त्यांची लेक नदीपलीकडे राहायची. रात्री तिच्या घरातला दिवा लागला की काकूंना गच्चीवरून दिसायचा, पण त्या दिव्यापर्यंत पोचायचं तर जुन्या पुलाचा वळसा, दोन बस आणि अर्धी सकाळ. लेक आणि जावई दोघांची कामं अलीकडे, म्हणजे हा वळसा त्यांना रोज, जाऊन-येऊन. एका रविवारी लेकीनं सोफ्यावर बसून शांतपणे सांगून टाकलं.

"बाबा, ह्यांना बदली मिळतेय. लांब आहे, पण ऑफिसच्या शेजारी घर देतायत. आम्ही घरी पोचतो तेव्हा पोरगी झोपलेली असते. रोज झोपलेलीच बघायची, ह्याला काय अर्थ आहे?"

"पूल होतोय की समोर," काका म्हणाले.

"तो मी कॉलेजात होते तेव्हापासून होतोय. तिची शाळा सुरू व्हायच्या आत झाला तर राहतो. नाही तर निघतो."

"होणार पूल," काका म्हणाले. सुरात असं की पूल त्यांच्या खिशात आहे आणि फक्त घडी उलगडायची राहिलीय.

नातीनं आजोबांचा खिसा चाचपून पाहिला. काकू आत गेल्या आणि नळ उगाच सोडून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात ती जाहिरात आली. सरकारनं साऱ्या प्रदेशात रस्ते, पूल आणि पाण्याच्या टाक्यांसाठी भांडवल ओतलं होतं. ओतलेलं कुठवर पोचलं हे बघायला 'प्रगतीमित्र' हवे होते. काम सोपं. दर शनिवारी, ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळी, एक फोटो. कार्यालयातल्या संगणकाकडे पुऱ्या झालेल्या पुलाचं चित्र होतं. तो दोन्ही ताडून किती टक्के काम झालं ते सांगणार, आणि त्या टक्क्यांवर कंत्राटदाराचा पुढचा हप्ता ठरणार.

काकांनी जाहिरात दोनदा वाचली. खात्यातून निघाल्यापासून त्यांना कुणी काही तपासायला सांगितलं नव्हतं.

त्यांचं घर तळमजल्यावर. खिडकीतून दिसायचं ते शेजारच्या स्कूटरचं मागचं चाक. गच्चीवर टाक्या आड यायच्या, पूल अखंड दिसायचा तो फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरून, म्हणजे सिस्टरबाईंच्या बाल्कनीतून. सिस्टरबाई मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या होत्या आणि आता इमारत सांभाळत होत्या. जिन्यात थुंकणाऱ्याला त्यांनी एकदा थर्मामीटर दाखवून गप्प केलं होतं. थर्मामीटरचा आणि थुंकण्याचा संबंध त्याला शेवटपर्यंत कळला नाही, पण थुंकणं थांबलं.

"चपला बाहेर," त्या म्हणाल्या. "आणि बाल्कनीत जाऊ नका, फरशी पुसलीय. उंबऱ्यावरून काढा काय काढायचं ते."

काका उंबऱ्यावर उभे राहिले, एक पाऊल जरासं पुढे टाकून, आणि फोटो काढला. मोबाइलनं जागा, उंची आणि वेळ टिपली. पडद्यावर आलं: नोंदणी झाली. काकांची छाती जरा रुंद झाली.

उंबरा आणि कठडा यांच्या मधोमध कपडे वाळत घालायची दोरी होती. त्या दिवशी ती रिकामी होती, आणि रिकाम्या दोरीकडे कोण लक्ष देतो?

*

छायाचित्र दुसरे. मध्यभागी चादर. तिच्या उजवीकडे चादर. डावीकडे उशांचे अभ्रे, त्यांच्या फटीतून पुलाचा एक खांब. संगणकाचा शेरा: काम एकाहत्तर टक्के. प्रगती समाधानकारक. हिरवा.

सिस्टरबाईंच्या घरात चादरी पांढऱ्याच. पडदे पांढरे, टॉवेल पांढरे, टीव्हीवर टाकायचा रुमालही पांढरा. नोकरी सुटली, रंग सुटला नाही. आणि धुण्याचा वार शनिवार.

"जरा सरकवू का?" काकांनी चादरीच्या कडेला बोट लावलं.

"ओल्या चादरीला हात लावायचा नाही. सुरकुत्या पडतात."

"वर तरी उचलतो."

"खाली तरी बसा," सिस्टरबाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

त्या आठवड्यात पुलावर एकही मजूर फिरकला नव्हता. क्रेनच्या आडव्या हातावर एक बगळा बसून असायचा, तोही मधूनच उठून जायचा. तरी पूल नऊ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. काकांना जेवण गेलं नाही.

प्रगती कक्ष सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टवर पाटी होती: काम प्रगतीपथावर. पाटीचाही रंग उडाला होता. वर पोचेपर्यंत काकांनी तीनदा कठडा धरला. दारात काचेच्या पेटीत अख्ख्या प्रदेशाचा नमुना मांडलेला, प्रत्येक कामाला एक इवलासा दिवा, हिरवा नाही तर लाल. आतल्या टेबलावर कक्षाच्या अधिकारी बाई, खांद्यावर शाल, कारण त्यांच्या डोक्यावरचा एसी फक्त त्यांच्याच डोक्यावर चालायचा.

"मॅडम, आमचा पूल नऊ टक्क्यांनी वाढला."

"अभिनंदन."

"पण तो वाढलेला नाही."

"वाढलाय की. हे बघा, इथे दिसतंय."

"ती चादर आहे."

बाईंनी चष्मा लावला. "कुणाची?"

"सिस्टरबाईंची. वरच्या मजल्यावरच्या."

"स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "काय होतं काका, पूल जिथे असायला हवा तिथे पांढरट, करडं काही दिसलं की संगणक ते काँक्रीट धरतो. एका रस्त्यावर एक पांढरी गाय येऊन बसते. ती उठली की रस्ता कमी होतो."

"मग मला जागा बदलून द्या. मी दोरीच्या पलीकडे, कठड्याशी उभा राहतो."

"जागा काम पूर्ण झाल्यावरच बदलता येते."

"काम पूर्ण झाल्यावर मी फोटो कशाला काढू?"

"तेच ना. म्हणून शक्यतो कुणी बदलत नाही."

"वेळ तरी बदला."

"वेळ जागेला जोडलेली असते." बाईंनी आवाज उतरवला. "काका, मनाला लावून घेऊ नका. एवढा हिरवा पूल सबंध प्रदेशात दुसरा नाही. मोठे साहेब रोज येता-जाता तुमचा दिवा बघतात."

काका जिना उतरले. कुणाही दुकानदारानं आजवर त्यांचं इतक्या गोडीनं ऐकून घेतलं नव्हतं, आणि इतक्या सहज हात रिकामे ठेवून परतही पाठवलं नव्हतं.

*

आता सिस्टरबाईंचं मन वळवणं आलं.

"शनिवारऐवजी रविवारी धुतलंत तर?"

"नोकरीला लागल्यापासून माझा शनिवार आहे."

"एकच शनिवार. देशाचं काम आहे."

"देश कधी माझ्या चादरी पिळायला आलाय?"

"मी पिळतो," काका बोलून गेले.

आणि रविवारी, निवृत्त वजनमापे निरीक्षक, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, गच्चीवरच्या मोरीत सिस्टरबाईंच्या चादरी पिळताना इमारतीनं पाहिले. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला काका. दोघांचा पीळ एकाच दिशेनं, त्यामुळे बराच वेळ चादर नुसतीच गोल फिरत राहिली. पाण्याच्या टाक्या तपासायला म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी वर आला आणि टाक्यांकडे न बघताच खाली गेला. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर बातमी पोचली. काकूंनी फक्त एवढंच म्हटलं, "घरातला टॉवेल कधी पिळला नाहीत हो."

पण त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दोरी रिकामी होती आणि काकांनी खराखुरा फोटो काढला होता. मान ताठ ठेवून.

छायाचित्र तिसरे. पुलाचे दोन तुकडे, मध्ये आभाळ. संगणकाचा शेरा: काम नऊ टक्क्यांनी घटले. पूल कोसळला असल्यास त्वरित कळवावे. लाल.

हप्ता थांबला. दोन दिवसांनी क्रेन निघाली. ती जाताना सगळी इमारत खिडक्यांत उभी होती. नोकरदार, पोरंटोरं, भांडी घासता घासता आलेल्या बायका. काहीही न करता उभी राहणारी क्रेन निघून जाताना एवढं वाईट वाटेल असं कुणाला वाटलं नव्हतं. वळणावरून ती दिसेनाशी झाली, तेव्हा सगळ्यांनी एकदम खाली, तळमजल्याच्या दाराकडे पाहिलं.

सेक्रेटरीचं फरशांचं दुकान होतं. तो कुठलीही गोष्ट फरशी बसवल्यासारखी ठोकून ठोकून सांगायचा. "काका, पूल आला की आपल्या फ्लॅटांना किंमत येणार. पूल गेला तर ती जाणार. तुमच्याच्यानं फोटोत एक चादर बघवली नाही?"

"ती चादर होती, पूल नव्हता."

"आता चादर पण नाही आणि पूल पण नाही," सेक्रेटरी म्हणाला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हेच काकांना लागलं.

रात्री लेकीचा फोन आला. तिनं दोष दिला नाही. सामान बांधायला खोकी कुठे मिळतात एवढंच तिनं विचारलं. मग नात फोनवर आली. तिच्या खिडकीतून सिस्टरबाईंची बाल्कनी दिसायची.

"आजोबा, ह्या वेळी तुम्ही पूल वाळत नाही घातला?"

"पूल वाळत नसतो घालत, बाळा."

"मागच्या वेळी घातला होता. पांढरा. मी बघितला."

काकांनी फोन काकूंकडे दिला आणि खिडकीतून स्कूटरच्या चाकाकडे बघत उभे राहिले.

*

सेक्रेटरीला बरोबर घेऊन कंत्राटदार स्वतः आला. देह दाराएवढा, आवाज मात्र मुंगीला हाक मारल्यासारखा. सोफ्याच्या अगदी कडेला बसला, चहा दोन्ही हातांत धरून.

"काका, माझा पूल तुमच्या दोरीवर लोंबकळतोय."

"सिस्टरबाईंच्या."

"त्यांच्या. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, तेवढा टाकायचा राहिलाय. सळई तयार, माणसं तयार. एक हप्ता आला की शाळा उघडायच्या आत गाळा बसतो. पण लाल दिवा असताना हप्ता नाही. आणि हप्त्याशिवाय गाळा नाही. आणि गाळ्याशिवाय हिरवा नाही." त्यानं पायाशी ठेवलेली पिशवी हळूच पुढे सरकवली. आत पांढऱ्या चादरी होत्या, कोऱ्या, घडीत पुठ्ठा असलेल्या. "बायकोनं दिल्यात. धुऊन परत नाही केल्या तरी चालेल म्हणाली."

काका उठून उभे राहिले. "मी आयुष्यभर लोकांच्या पारड्याखालची लोहचुंबकं काढली. आता या वयात स्वतः चुंबक लावू?"

कंत्राटदारानं मान खाली घातली. सेक्रेटरीनं मान वर केली. तेवढ्यात काकू आतून आल्या, हातात त्यांची स्वतःची पांढरी चादर, ट्रंकेच्या तळातली.

"चादर वाळत घालणं गुन्हा आहे का हो?"

"नाही, पण..."

"फोटो काढणं?"

"नाही, पण..."

"मग दोन्ही एका वेळी झालं तर त्याला तुम्ही काय करणार?"

असा युक्तिवाद नोकरीभर एकाही दुकानदाराला सुचला नाही, हे खात्याचं नशीब. काकांनी चादर हातात घेतली. तिला ट्रंकेचा वास येत होता. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या, भिंतीवरच्या नातीच्या फोटोकडे बघत होत्या.

सूचना (जिन्याखालच्या फळ्यावरून): सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी प्रत्येक घरातून पांढरी अथवा फिकट करडी चादर सिस्टरबाईंकडे जमा करावी. चादर घरूनच पिळून आणावी. फुलाफुलांच्या चादरी आणू नयेत. त्यांना संगणक झाडी समजतो. निळी चादर आणणाऱ्यास नदी वाढवल्याबद्दल जबाबदार धरण्यात येईल. चादरीवर नाव घालावे, नंतर भांडणे नकोत. सेक्रेटरी.

शनिवारी जिन्यात रांग लागली. ज्या दोन घरांत पार्किंगवरून बोलणं बंद होतं ती एकमेकांच्या चादरीची टोकं धरून वर आली. सिस्टरबाईंनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, पण एवढ्या चादरी एका ओळीत लावायच्या म्हटल्यावर त्यांच्यातला वॉर्ड जागा झाला. "कोपरे जुळवा. लोंबतंय ते वर घ्या. चिमटे दोन दोन." दोरी पुरेना तेव्हा दुसरी बांधली. काका उंबऱ्यावर उभे राहिले, पाऊल पहिल्यासारखंच पुढे. समोर नदी नव्हती, आभाळ नव्हतं. पांढरंच पांढरं, वाऱ्यानं हळूहळू फुगणारं.

छायाचित्र चौथे. चादरी. संगणकाचा शेरा: काम शंभर टक्के. पूल पूर्ण. हार्दिक अभिनंदन.

पहिल्यांदा टाळ्या वाजल्या. मग कंत्राटदाराचा फोन आला, आणि आवाज होता त्याहून बारीक झाला होता.

"काका, ऐंशीच्या आसपास थांबायचं होतं हो."

"का?"

"शंभर झालं की काम संपलं. खातं बंद. आता हप्ता कसला?"

ऐंशीला किती चादरी लागतात हे कुणी मोजलंच नव्हतं. उत्साहाच्या भरात इमारतीनं पूल पुरा करून टाकला होता. मापकाका नावाचा माणूस तिथे उभा असताना माप जास्त भरलं, हे दुःख काकांनी कुणापाशी बोलून दाखवलं नाही. बोलायला दुसरंच दुःख समोर येऊन उभं होतं. पुढच्या शनिवारी मोठे साहेब पूर्णत्वाची पाहणी करायला येणार होते. नियमाप्रमाणे, नोंदणीच्या जागेवरून, नोंदणीच्या वेळी.

लेकीचा फोन: "बाबा, पेपरात आलंय पूल झाला म्हणून. माझ्या खिडकीतून तर मध्ये आभाळ दिसतंय. तुम्ही त्यात आहात ना? मग झालाय की नाही? मला ह्याच आठवड्यात बदलीला हो-नाही कळवायचंय."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "शनिवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "दुपारी सांगतो. जे असेल ते सांगतो."

मागून नातीचा आवाज: "आजोबांना विचार, पूल वाळला की त्याच्यावरून जायचं का?"

*

मोठे साहेब आले ते सायरनच्या थाटात नाही, तर धापा टाकत, कारण या इमारतीला लिफ्टच नव्हती. बरोबर कक्षाच्या बाई, शालीविना ओळखू न येणाऱ्या. मागे कंत्राटदार आणि सेक्रेटरी, एकमेकांच्या आड लपायचा प्रयत्न करणारे. त्यांतल्या एकाच्या आड दुसरा सहज मावत होता, पण उलट जमत नव्हतं.

"चपला बाहेर," सिस्टरबाई म्हणाल्या. साहेबांनी बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी नजर वळवली.

सेक्रेटरीनं पहाटेच सगळ्या चादरी पुन्हा लावून घेतल्या होत्या. साहेब उंबऱ्यावर उभे राहिले आणि समोर बघितलं.

"भव्य आहे," ते म्हणाले.

"चादरी मागे घेऊ का साहेब, पूल नीट दिसेल," बाई कुजबुजल्या.

"नको, फोटोत जसं आहे तसंच राहू दे. नियम आहे. सही कुठे करायची?"

एवढंच व्हायचं होतं. एक सही, आणि इमारत सुटली असती, कंत्राटदार सुटला असता, काकाही सुटले असते. आणि पूल कायमचा पुरा झाला असता, मध्ये आभाळ घेऊन. काकांनी दोरीकडे पाहिलं. त्यांच्या घरची चादर मध्यावर होती, बरोबर गाळ्याच्या जागी.

"सिस्टरबाई, वाळल्या का?"

सिस्टरबाईंनी दोन बोटांत कड चिमटून पाहिली. मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं. वॉर्डात माणसाच्या चेहऱ्यावरून ताप कळायचा त्यांना. "वाळल्या," त्या म्हणाल्या. "काढायला हरकत नाही."

काकांनी पहिली चादर ओढली आणि तिची दोन टोकं साहेबांपुढे धरली.

"साहेब, जरा एवढं टोक धरता?"

सबंध प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला एवढं साधं काम कुणी कधी सांगितलं नसावं. हात आपोआप पुढे आले. काका दोन पावलं मागे गेले, चादर ताणली, झटकली. साहेबांनीही झटकली. टोकाला टोक, मग साहेब चालत पुढे आले आणि आपली टोकं काकांच्या हातात दिली, मग खाली वाकून मधली घडी उचलली. सराईत काम होतं.

"घरी मीच घालतो," साहेब ओशाळून म्हणाले. "हिला कोपरे जुळलेले लागतात."

"माझ्याकडेही तेच आहे," काका म्हणाले.

दुसरी. तिसरी. बाई मोजत होत्या, कंत्राटदार डोळे मिटून होता. एकेक चादर उतरत गेली तसा नदीचा एकेक तुकडा दिसायला लागला, एक खांब, दुसरा खांब. शेवटी काकूंची चादर. ती दोघांनी सावकाश, जरा जास्तच सावकाश घडी घातली. साहेब घडी हातावर घेऊन उभे राहिले आणि मग त्यांनी समोर पाहिलं.

मधल्या रिकाम्या जागेतून एक बगळा आरपार गेला.

"तिथे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मधला गाळा, साहेब. म्हणजे, तो नाहीये."

"मग काल मी जे पूर्ण म्हणून वाचलं ते काय होतं?"

"ते तुमच्या हातात आहे."

साहेबांनी हातातल्या घडीकडे पाहिलं. काका पुढे झाले. त्यांनी गाय सांगितली नाही, संगणक सांगितला नाही, सेक्रेटरी सांगितला नाही. "फोटो माझा आहे. लेक पलीकडे राहते, नातीची शाळा आहे. माप मी मारलं. लिहायचं तर माझं नाव लिहा."

काकू केव्हाच जिना चढून दारात येऊन उभ्या होत्या. "चादर माझी आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी हातातली घडी बगलेत धरली. मग बाईंना म्हणाले, "शंभराचे बासष्ट करा. गाळा टाकू द्या."

"होत नाही साहेब. संगणक पूर्ण झालेलं काम अपूर्ण धरत नाही. भांडवली खातं बंद झालंय. नवीन पूल म्हणून पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल, अगदी पायापासून."

"किती वर्षं?"

बाई बोटांवर मोजायला लागल्या. कंत्राटदारानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. लेकीला फोन करायची वेळ होत आली होती.

सिस्टरबाई चिमटे गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एखादा टाका राहून पेशंट घरी गेला, तर आम्ही त्याला पुन्हा जन्माला नव्हतो घालत. ड्रेसिंगला बोलवायचो."

बाईंचा हात खांद्यावरच्या नसलेल्या शालीकडे गेला. "साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "दुरुस्ती."

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही तरी हललं. त्यांनी समोर बोट केलं आणि कमालीच्या गंभीर आवाजात म्हणाले, "एका पूर्ण झालेल्या पुलाच्या मधोमध एवढं मोठं भगदाड आहे आणि कुणाचं लक्ष नाही?"

"नाही साहेब," सगळे एकदम म्हणाले.

"माणसं पडतील. तातडीची दुरुस्ती. आजच."

तातडीच्या दुरुस्तीला हप्ते नसतात, दिवे नसतात, मित्र नसतात, नुसती घाई असते. इतकी वर्षं बांधून न झालेला पूल दुरुस्तीत भराभर उरकला. क्रेन परत आली, बगळा परत आला. जाताना साहेब काकांना म्हणाले, "प्रगतीमित्र म्हणून तुमचं नाव कमी करावं लागेल." काका "बरोबर आहे" म्हणाले. "शेवटचा फोटो मात्र तुम्हीच काढायचा. जागा तुमच्या नावावर आहे."

त्या दुपारी काकांनी लेकीला सगळं सांगितलं, चादरींसकट, पिळण्यासकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं माप दिलंत?"

"दिलं. आणि परत घेतलं."

"थांबते मी," ती म्हणाली. "खोकी रिकामीच आहेत अजून."

*

छायाचित्र शेवटचे. नदी. पूल, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यावर तीन ठिपके: एक मोठा, एक मध्यम, आणि एक छोटा, मधल्या गाळ्यावर अडून बसलेला. दोरी रिकामी. संगणकाचा शेरा: काम एक्याण्णव टक्के.

थोड्या वेळानं बाईंचा फोन आला. "काका, पूल नऊ टक्के कमी भरतोय."

"अख्खा आहे. मी बघतोय समोर."

"पुरा पूल म्हणून संगणक आता मागचाच फोटो धरतो, आणि त्यात तो सिस्टरबाईंच्या कुंडीपर्यंत होता. ते नऊ टक्के कुठे गेले म्हणून संगणक विचारतोय."

"घडी घालून कपाटात ठेवलेत."

शेजारी सिस्टरबाई ओला अभ्रा हातात घेऊन उभ्या होत्या. भुवया उंचावून त्यांनी दोरीकडे मान केली: घालू? काकांनी मान हलवली. नको.

"मग मी शेरा काय लिहू?" बाईंनी विचारलं.

काका विचार करत होते, तेवढ्यात खाली जिन्यात पावलं धडधडली, एक मजला, दुसरा मजला, आणि मागून लेकीचा "अगं हळू" ऐकू आला. त्यांनी "नंतर करतो" म्हणून फोन ठेवला. सिस्टरबाई दाराशी जाऊन "चपला बाहेर" म्हणेपर्यंत नात आत शिरली होती, चपलांसकट, पुसलेल्या फरशीवरून थेट उंबऱ्यापर्यंत. सिस्टरबाई बाजूला सरकल्या.

"आजोबा," ती धापा टाकत म्हणाली, "मी मध्ये बसून हात लावून बघितला. कुठ्ठेच ओला नाहीये."